न मागितलेले स्वराज्य

युरोपचा नकाशा उघडून स्वीडन आणि फिनलंड हे दोन देश शोधावेत. दोहोंच्या मधून बाल्टिक समुद्राचा एक लांब फाटा उत्तरेकडे गेला आहे. त्याला बॉथनियाचे आखात म्हणतात. या आखाताच्या तोंडाशी, उंबऱ्यावर मूठभर तांदूळ सांडावेत तसे, बारीक ठिपके दिसतात. ती ऑलंडची बेटे. मोजदादीत धरण्याजोगी बेटेच साडेसहा हजारांहून अधिक भरतात. पण माणसांची वस्ती आहे ती साठ-पासष्ट बेटांवर. सगळी लोकसंख्या सुमारे तीस हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. त्यातील तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोक मारिएहाम्न या एकुलत्या एका शहरात राहतात. बाकीचे शेते, फळबागा, मासेमारी आणि जहाजे यांच्या आधाराने पांगलेले.

एवढ्याशा वस्तीला स्वतःचे विधिमंडळ आहे, स्वतःचे मंत्रिमंडळ आहे, निशाण आहे, टपालाची तिकिटे आहेत. सैन्य मात्र नाही. इतकेच नव्हे, तर तेथे किल्ला बांधण्याची मनाई सार्वभौम सत्तेलासुद्धा आहे. देश फिनलंडचा आणि भाषा स्वीडिश. पण सर्वांत नवलाची गोष्ट निराळीच. हे स्वराज्य या लोकांनी मागितलेच नव्हते. त्यांनी मागितले होते ते दुसरे. ते त्यांना नाकारण्यात आले आणि त्याच्या बदली हे त्यांच्या पदरात टाकण्यात आले. नको असलेली वस्तू माणूस फार तर माळ्यावर टाकतो. या लोकांनी ती शंभराहून अधिक वर्षे रोजच्या वापरात ठेवली. असे का झाले, हे पाहण्यासारखे आहे.

कित्येक शतके फिनलंड हा स्वीडनच्या राज्याचाच भाग होता आणि त्याबरोबर ऑलंडही. १८०८ साली रशियाच्या झारने स्वीडनवर स्वारी केली. रशियन फौजा बेटांवर आल्या तेव्हा तेथील शेतकऱ्यांनी मे महिन्यात उठाव केला आणि हाती लागलेले शिपाई कैद केले. पण दोन राजांच्या भांडणात शेतकऱ्यांच्या शौर्याला किंमत किती असावयाची? १८०९ च्या तहात स्वीडनने फिनलंड रशियाला दिला आणि ऑलंडही देऊन टाकले. ज्यांच्या घरात स्वीडिश बोलली जात होती, ज्यांची बाजारपेठ स्टॉकहोम होती, ते एका रात्रीत झारचे प्रजाजन झाले.

स्टॉकहोमच्या इतक्या जवळची जागा हाती आल्यावर झार स्वस्थ कसा बसेल? १८३२ साली बोमारसुंड येथे एका प्रचंड किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले. ते पुरे होण्यापूर्वीच क्रिमियाचे युद्ध पेटले. नाव क्रिमियाचे असले तरी त्याची झळ या उत्तरेकडील समुद्रापर्यंत पोचली. १८५४ च्या जून महिन्यात इंग्रजी जहाजांनी बोमारसुंडवर मारा केला. त्या धुमश्चक्रीत 'हेक्ला' नावाच्या जहाजावर एक पेटता गोळा येऊन पडला. चार्ल्स लुकास या तरुण खलाशी अधिकाऱ्याने तो उचलून समुद्रात फेकला आणि जहाज वाचले. पुढे १८५६ साली व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक सुरू झाले, तेव्हा ज्या पराक्रमांसाठी ते देण्यात आले त्यांतील सर्वांत आधीचा हा होय. याच पदकाने दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर आपल्या मराठा पलटणीतील यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांचा गौरव झाला. त्या पदकाच्या कथेचा आरंभ असा या अनोळखी बेटांवर झालेला आहे.

ऑगस्टमध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी किल्ला घेतला आणि सुरुंग लावून उडवून दिला. त्याचे तांबूस दगडांचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. १८५६ साली पॅरिसला तह झाला, त्यात रशियाने कबूल केले की ऑलंडवर पुन्हा तटबंदी करणार नाही. बेटांच्या निःशस्त्रतेचा हा पहिला लेख. तो बेटवाल्यांच्या प्रेमापोटी लिहिला गेला नव्हता. बलाढ्य राष्ट्रांना एकमेकांची भीती वाटत होती, म्हणून लिहिला गेला. पण कधी कधी मोठ्यांच्या परस्पर संशयाच्या सावलीत लहानाला विसावा मिळतो. पाच वर्षांनी, १८६१ मध्ये, मारिएहाम्न शहर वसले. नाव पडले झारची राणी मारिया हिच्यावरून.

यानंतरच्या काळात या बेटांनी नाव मिळवले ते दर्यावर्दीपणात. मारिएहाम्नचे गुस्ताफ एरिकसन हे मोठ्या शिडांच्या मालवाहू जहाजांचे शेवटचे नामांकित मालक. जग आगबोटींकडे वळले तेव्हा त्यांनी इतरांनी टाकून दिलेली गलबते स्वस्तात घेतली आणि ऑस्ट्रेलियातील गहू शिडांवर युरोपात आणला. त्यांपैकी 'पोमर्न' हे चार डोलकाठ्यांचे जहाज मारिएहाम्नच्या बंदरात संग्रहालय म्हणून जपून ठेवले आहे. टाकून दिलेल्या वस्तूतून उपयोग काढण्याची हातोटी या लोकांच्या अंगी होती, हे पुढील कथेसाठी लक्षात ठेवावे.

१९१७ साली रशियात क्रांती झाली, झार गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑलंडच्या गावोगावचे प्रतिनिधी फिनस्ट्रोम येथील एका विद्यालयात जमले. आपल्याला पुन्हा स्वीडनच्या राज्यात जावयाचे आहे, असे त्यांनी ठरवले. एका अर्जावर सात हजारांहून अधिक प्रौढ माणसांनी सह्या केल्या. लहान मुले वगळली तर जवळजवळ सगळी बेटेच त्या कागदावर उतरली म्हणावयाची. १९१८ मध्ये शिष्टमंडळ तो अर्ज घेऊन स्वीडनच्या राजाकडे गेले. या चळवळीचे दोन पुढारी होते: वृत्तपत्राचे संपादक युलियुस सुंडब्लोम आणि कायद्याचे जाणकार कार्ल ब्योर्कमन.

मध्यंतरी ६ डिसेंबर १९१७ रोजी फिनलंडने स्वातंत्र्य जाहीर केले होते. आता पेच असा पडला. फिनलंड म्हणे, "प्रत्येक राष्ट्राला आपले भवितव्य ठरविण्याचा हक्क आहे, म्हणून आम्ही रशियापासून वेगळे झालो." ऑलंडचे लोक म्हणत, "हक्क आहे ना? मग तोच आम्हालाही द्या. आम्ही तुमच्यापासून वेगळे होतो." यावर फिनलंडपाशी सोपे उत्तर नव्हते. पण अडचण त्याचीही खरी होती. नुकत्याच जन्मलेल्या आणि लगेच यादवीत होरपळलेल्या देशाने पहिल्याच वर्षी आपला तुकडा तोडून द्यावा, ही गोष्ट कोणत्या सरकारला पचली असती?

फिनलंडच्या लोकसभेने ६ मे १९२० रोजी ऑलंडला स्वायत्तता देणारा कायदा मंजूर केला. पाहुण्यापुढे ताट वाढावे आणि त्याने हातही लावू नये, तसे झाले. बेटवाल्यांनी कायदा नाकारला. जून महिन्यात फिनलंडचे पंतप्रधान स्वतः मारिएहाम्नला जाऊन आले, तरी उपयोग झाला नाही. मग सुंडब्लोम आणि ब्योर्कमन यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. स्वीडनमध्ये संतापाची लाट उसळली. आणखी एका युद्धाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा इंग्लंडने हा तंटा नव्याने स्थापन झालेल्या राष्ट्रसंघापुढे मांडला.

राष्ट्रसंघाचे कायमचे न्यायालय अजून सुरू व्हावयाचे होते. म्हणून प्रथम तीन कायदेपंडितांची समिती नेमण्यात आली. हा फिनलंडचा घरगुती प्रश्न नाही, संघाला यात लक्ष घालता येते, असा निर्वाळा तिने दिला. मग बेल्जियम, स्वित्झर्लंड आणि अमेरिका येथील एकेक असे तीन गृहस्थ प्रत्यक्ष पाहणी करून आले. त्यांनी मन बेटवाल्यांकडे ठेवले आणि कौल फिनलंडला दिला. कोणत्याही अल्पसंख्य समूहाने केवळ इच्छा झाली म्हणून राज्यातून फुटून जावे हे चालू दिले, तर जगात एकही राज्य टिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे. परंतु त्यांनी पुढे जोडलेले कलम महत्त्वाचे आहे. फिनलंडने या लोकांच्या भाषेची, जमिनीची, शाळांची पक्की हमी दिली पाहिजे. ती देण्यास तो तयार नसेल, तर मात्र बेटे वेगळी करण्याचा विचार करावा लागेल.

२४ जून १९२१ रोजी राष्ट्रसंघाने निर्णय दिला. सार्वभौमत्व फिनलंडचे, भाषा आणि रीतिरिवाज बेटवाल्यांचे, आणि स्वीडनला आश्वासन हे की समोरच्या बेटांवरून त्याच्यावर तोफ रोखली जाणार नाही. तीन दिवसांनी फिनलंड आणि स्वीडन यांच्यात हमीची कलमे ठरली. २० ऑक्टोबर १९२१ रोजी दहा राष्ट्रांनी बेटे निःशस्त्र आणि तटस्थ राहतील असा करार केला. स्वीडनला हळहळ वाटली, पण त्याने निर्णय मानला. ज्यांच्याविषयी हे सारे चालले होते, त्यांना आपण हरलो असेच वाटले.

या कथेतील खरा निर्णायक दिवस जिनीव्हातला नव्हे, मारिएहाम्नमधला आहे. ९ जून १९२२ रोजी ऑलंडच्या नव्या विधिमंडळाची पहिली बैठक भरली. बहिष्कार घालणे अशक्य नव्हते; हरलेल्या पक्षाचा तो पुष्कळदा पहिला विचार असतो. पण निवडणूक झाली, सभासद आले आणि त्यांनी अध्यक्ष निवडला तो युलियुस सुंडब्लोम यांना. मंत्रिमंडळाचे पहिले प्रमुख झाले कार्ल ब्योर्कमन. दोन वर्षांपूर्वी ज्या दोघांवर राजद्रोहाचा आरोप होता, त्यांच्याच हाती त्या नको असलेल्या स्वराज्याच्या किल्ल्या आल्या. सुंडब्लोम १९४५ पर्यंत अध्यक्षपदावर होते आणि ब्योर्कमन १९३८ पर्यंत प्रमुखपदावर. मनातली मूळ इच्छा त्यांनी सोडली होती असे नव्हे. पण मनासारखे घर मिळाले नाही म्हणून मिळालेल्या घराचे छप्पर गळू द्यावे, हा वेडेपणा त्यांनी केला नाही.

आता या घराची रचना पाहू. विधिमंडळाला तेथे लागटिंग म्हणतात. त्याचे सभासद तीस. निवडणूक दर चार वर्षांनी. लागटिंगच्या विश्वासावर चालणारे छोटे मंत्रिमंडळ असते. शाळा, दवाखाने, पोलीस, रस्ते, बेटाबेटांतील तरी, टपाल, रेडिओ, पर्यावरण, सोळा लहान-मोठ्या ग्रामसंस्था यांविषयीचे कायदे लागटिंग करते. यांपैकी एका ग्रामसंस्थेची लोकसंख्या तर शंभराच्या आसपास आहे! परराष्ट्रसंबंध, न्यायालये, जकात, बहुतेक कर आणि बहुतेक दिवाणी व फौजदारी कायदे हे हेलसिंकीच्या हाती. फिनलंडच्या दोनशे सभासदांच्या लोकसभेत ऑलंडची एक जागा असते.

लागटिंगने केलेला कायदा फिनलंडच्या राष्ट्राध्यक्षांकडे जातो. त्यांना तो नामंजूर करता येतो, पण मर्जी म्हणून नव्हे. लागटिंगने आपल्या अधिकाराची वेस ओलांडली असेल किंवा देशाच्या सुरक्षिततेला बाधा येत असेल, तरच. त्याआधी तपासणी होते ती एका संयुक्त मंडळात. त्यात फिनलंडच्या सरकारने नेमलेले दोन आणि लागटिंगने नेमलेले दोन असे सभासद बसतात. राष्ट्राध्यक्ष बेटांवर जो राज्यपाल नेमतात, तोही लागटिंगच्या अध्यक्षांशी विचारविनिमय करून. म्हणजे जेथे खटका उडण्याचा संभव, तेथे आधीच दोन्हीकडची माणसे एका बाकावर बसवून ठेवली आहेत.

सर्वांत भक्कम खांब निराळाच आहे. स्वायत्ततेचा मूळ कायदा १९५१ आणि १९९१ साली नव्याने लिहिण्यात आला. पण तो एकट्या हेलसिंकीला बदलता येत नाही. फिनलंडच्या लोकसभेला राज्यघटना बदलण्याच्या रीतीने त्याला संमती द्यावी लागते आणि लागटिंगमध्येही दोनतृतीयांश मते पडावी लागतात. साडेपाच दशलक्ष माणसांच्या बहुमताला तीस हजारांच्या संमतीवाचून येथे पाऊल टाकता येत नाही.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे तेथील रहिवासाचा हक्क. आपल्या जुन्या गावगाड्यात मिरासदार आणि उपरी असा भेद असे, तो ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही गोष्ट लवकर कळेल. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची आणि गावात त्याला मान. उपरी कसे, पण मुळे रोवू शकत नसे. ऑलंडवर लागटिंगसाठी मत देणे, उमेदवार होणे, जमीन विनापरवाना घेणे, धंदा करणे, हे सारे या हक्कावर अवलंबून असते. तो जन्माने आईबापांकडून येतो. बाहेरचा माणूस पाच वर्षे बेटांवर राहिला, फिनलंडचा नागरिक असला आणि त्याला पुरेशी स्वीडिश येत असली, तर त्यालाही मागता येतो. मिरासदार परागंदा झाला तरी त्याची मिरास सहसा बुडत नसे. ऑलंडचा नियम त्याहून कडक. पाच वर्षांहून अधिक काळ बेटांबाहेर जाऊन राहिले की हक्क जातो, मग तुमचे पणजोबा तेथल्याच मातीत का निजलेले असेनात!

या कणखरपणाला एक काटेरी बाजू आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत शिक्षणाची भाषा स्वीडिश. फिनलंडच्याच दुसऱ्या टोकाहून एखादे फिनी कुटुंब येथे आले, तर आपल्याच देशात त्याच्या मुलाला मायबोलीच्या शाळेत जाता येत नाही. उच्च शिक्षणासाठी स्वीडनला गेलेली बेटांवरची तरुण मुलगी तेथेच नोकरीला राहिली, तर काही वर्षांनी ती गावी उपरी ठरते. लहान समाजाने आपले दार लावून घेतले की आतल्याला ऊब मिळते आणि बाहेरच्याला गारठा. दार एकच असते. तरीही हे म्हटले पाहिजे की हमी नसती तर आज तेथे सुमारे पंचाऐंशी टक्के लोकांची मातृभाषा स्वीडिश राहिली असती की नाही, याची शंकाच आहे.

या स्वराज्याची परीक्षा पुष्कळदा झाली. पहिल्या महायुद्धात रशियाने वचन मोडून बेटांवर तोफा चढवल्याच होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पुन्हा सैन्य आले; मग १९४० साली सोव्हिएत रशियाशी निःशस्त्रतेचा वेगळा करार झाला आणि देखरेखीसाठी त्याची वकिलात मारिएहाम्नला आली. १९४६ साली राष्ट्रसंघ विसर्जित झाला. ज्याने निवाडा दिला आणि ज्याच्यापाशी तक्रार करावयाची तो पंच जगातून नाहीसा झाला. निवाडा मात्र उरला, कारण तोवर तो जिनीव्हाच्या दप्तरातून निघून शाळांच्या वेळापत्रकांत आणि खेडुतांच्या खातेवह्यांत जाऊन बसला होता. १९५४ साली निळ्या पटावर पिवळा आणि त्यात तांबडा क्रूस असलेले निशाण कायदेशीरपणे फडकले. १९८४ साली टपालाची तिकिटे निघाली.

१९९५ साली फिनलंड युरोपीय संघात गेला, तेव्हा ऑलंडला वेगळे विचारावे लागले. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात बेटांवर स्वतंत्र कौल घेण्यात आला आणि सुमारे चौऱ्याहत्तर टक्के लोकांनी होकार दिला. पण अटी घालून. जमिनीचा आणि धंद्याचा हक्क अबाधित राहिला. करांच्या बाबतीत बेटे संघाच्या कक्षेबाहेर राहिली, म्हणून स्वीडन आणि फिनलंडमधील मोठ्या प्रवासी बोटी आजही येथे टेकून जातात व उतारूंना करमुक्त माल विकतात. तरी रुखरुख उरलीच. युरोपच्या संसदेत ऑलंडची स्वतःची जागा नाही. कायदे ब्रुसेल्सला ठरतात आणि त्यांतील पुष्कळसे लागटिंगच्या कक्षेत येतात. पण ठरविणाऱ्यांच्या मेजाशी या लोकांना खुर्ची मिळाली नाही. २०२३ साली फिनलंड नाटोच्या लष्करी गटात सामील झाला, तेव्हा बेटांच्या निःशस्त्रतेवर हेलसिंकीत पुन्हा वादविवाद झडले. ही हमी आजही पहारा करूनच जपावी लागते.

मग हा नमुना उचलून कोठेही लावावा काय? जगातील तंटे सोडवू पाहणारी मंडळी ऑलंडला अभ्यासासाठी जातात खरी. पण वही घेऊन जाणाऱ्यांनी हिशेबाच्या सगळ्या रकमा उतरून घेतल्या पाहिजेत. स्वीडन हरला आणि नंतर त्याने निखारे फुंकले नाहीत. फिनलंड जिंकला आणि जिंकल्यावर त्याने आपलेच हात कायद्याने बांधून घेतले. बेटवाल्यांनी रुसवा धरला, पण रुसव्याला धंदा केला नाही. आणि १९२० ते १९२२ या काळात रक्त सांडले नव्हते. सूडाची उधारी कोणाच्या खात्यावर नव्हती. यांतील एक रक्कम जरी वजा केली तरी बेरीज वेगळी येईल.

९ जून हा दिवस बेटांवर स्वायत्ततेचा सण म्हणून पाळतात. १९२१ साली ज्या निर्णयाने तेथील माणसांचे चेहरे उतरले होते, त्यातून जन्मलेल्या लागटिंगचा तो वाढदिवस. २०२२ साली त्याची शंभर वर्षे भरली, तेव्हा निशाणे लागली ती त्याच निर्णयातून निघालेली. अर्जावर सह्या करणारे ते सात हजार लोक आज हयात नाहीत. त्यांची नातवंडे-पतवंडे घरात स्वीडिश बोलतात, फिनलंडचे पारपत्र खिशात बाळगतात, आणि आपण कोण असे विचारले तर बहुधा या दोहोंआधी बेटाचे नाव सांगतात. अर्जात जे मागितले होते ते मिळाले नाही. पण ते ज्यासाठी मागितले होते, ते मात्र शाबूत राहिले आहे.